रबराची दोन टोकं

प्रोटॉनमधले क्वार्क नावाचे कण समजावायला मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वर्गात नेते. त्या दिवशी तिची टोकं पुढच्या दोन मुलींच्या हातात दिली आणि म्हटलं, "ओढा. क्वार्क जवळ असले की मोकळे असतात. लांब जाऊ लागले की ओढ वाढते. एकटा क्वार्क आजवर कुणाला सापडलेला नाही."

वर्गात एकदम कोपरखळ्या का सुरू झाल्या, ते मला उशिरा कळलं. मीनल आणि सायली महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि मी नेमकं त्यांनाच उभं केलं होतं. दोघी हट्टाने मागे सरत राहिल्या. पट्टी ताणून बारीक झाली.

"सोड ना गं, सायली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सोडलं तर तिच्या तोंडावर बसेल," सायली दातओठ खात म्हणाली.

मला माझी थोरली बहीण आठवली. तिच्याशी मी वर्षभर बोललेले नाही. सगळं तुटलं, असंच धरून चालले होते. मग तिचं नाव निघालं की अजून ही ओढ कसली जाणवते?

मीनल एक पाऊल पुढे आली. मग सायली, तिच्याकडे न बघता. पट्टी सैल पडली, तरी टोक कुणीच सोडलं नाही.