पाठीचं अस्तर

राजाला पाठ नसते. पिंपळगाव राजा या गावच्या फकीर मोहम्मद टेलरांचं निम्मं आयुष्य या एका वाक्यावर निभावलं.

जत्रेच्या आधी गावोगाव नाटकं बसायची, तेव्हा पंचक्रोशीतले सगळे राजे, प्रधान आणि खलनायक त्यांच्या शिलाई मशीनखालून जायचे. अंगरखा पुढून बघावा तर मखमल, जरी, टिकल्या, गॅसबत्तीच्या उजेडात डोळे दिपतील असा. पाठीला मात्र साधं मांजरपाट. कुणी विचारलं, की मास्तर तोंडातला दोरा काढून म्हणायचे, "राजा पब्लिककडं पाठ करते का? नाही ना? मंग मखमल काऊन वाया घालू?" एकदा एका हौशी राजाने ऐन दरबारात गिरकी घेतली आणि सिंहासनावरचा मखमली महाराज क्षणभर पिठाच्या पोत्यासारखा दिसला. मंडप हसला. त्यावर पडद्याआडून मास्तरांचा आवाज आला, "अबे महाराज, तोंड पब्लिककडं!" मग मंडप जो हसला, त्याने नाटकातलं राज्य बुडालं, पण नाटक गाजलं.

ते मंडप गेले. राजे मोबाईलमध्ये गेले. मास्तर राहिले, त्यांचं पायाचं मशीन राहिलं. आता ते पिशव्या शिवत, गाद्यांच्या खोळी शिवत, उरुसाला हिरवे आणि हनुमान जयंतीला भगवे झेंडे शिवत. मुलगा कलीम खामगावला कापडाच्या दुकानात जाई. सून सायरा घर सांभाळी आणि मास्तरांच्या सुईत दोरा ओवून देई, कारण नजर आता सुईच्या नाकाशी भांडू लागली होती.

आणि नातू जाकीर समुद्रात होता. म्हणजे अक्षरशः समुद्रात, पाण्याखाली. लहानपणी गावात कुणाची बादली विहिरीत पडली, की जाकीरला हाक जायची. तो सूर मारून तळाशी जाई आणि बादलीबरोबर कधीची हरवलेली कळशीही घेऊन वर येई. त्याच दमावर तो पुढे पाणबुड्याचं काम शिकला आणि मुंबईपलीकडच्या एका बंदरात लागला. जहाजाच्या पोटाला खाली शिंपले चिकटतात, ते खरवडायचे. ज्या घराण्यात कुणी समुद्राचं पाणी चाखलं नव्हतं, तिथला पोरगा जहाजांच्या पोटाखाली रांगत होता. सायराला हे सांगताना अभिमान वाटे, पण 'पाण्याखाली' हा शब्द ती नेहमी अर्धा गिळायची.

ईदला जाकीर घरी आला. शिरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या, आणि मग तो मास्तरांच्या मशीनजवळ येऊन बसला.

"दादा, आमच्या नावेसाठी एक झेंडा शिवून द्या. जुना उन्हानं आन् खाऱ्या हवेनं पार धुतल्या गेला."

"कोनत्या देवाचा?"

"देवाचा नाही, कायद्याचा!" जाकीर हसला आणि त्याने खडूने फरशीवर चित्र काढलं. काठीकडचा अर्धा भाग पांढरा, पुढचा अर्धा निळा, आणि निळ्याच्या टोकाला मासोळीच्या शेपटीसारखी खाच. "हे निशाण साऱ्या दुनियेत एकच. जहाज चिन्याचं असो का अरबाचं, हे दिसलं की त्यानं समजायचं, 'आमचा मानूस पान्याखाली हाये. दूर राहा, हळू चाला.'"

चुलीपाशी सायराचा हात थांबला. "आन् कोनी नाही समजलं तं?"

"समजाच लागते, अम्मी. दर्यावर चालायचा कायदा हाये तो. तसा कायदा नसता तं बंदरात रोज बस स्टॅंडसारखी रेटारेटी झाली असती."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली. "माप सांग."

"मीटरभर उंच. लोंबलं नाही पायजे, चौकटीत ताठ बसलं पायजे. आन् चहूबाजूंनी दिसलं पायजे."

"चहूबाजूंनी," मास्तरांनी मान डोलावली. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चहूबाजू म्हणजे पुढची सतरंजी, मागची उभी गर्दी, डावीकडच्या बाया आणि उजवीकडचे बाप्ये. सगळ्यांना दिसलं पाहिजे. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय शिवलं होतं?

असं काम त्यांच्या हाताला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. नातवाच्या डोक्यावर आपली शिलाई राहणार, या विचाराने म्हातारा तरुण झाला. निळा रंग पाण्यात सुटतो का ते भिजवून पाहिलं. कडा दुमडून दुहेरी शिवण मारली. कापड ताठ राहावं म्हणून पाठीला पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाचं अस्तर लावलं, तेही असं बेमालूम की टाका शोधून सापडू नये. शेवटी हात आवरेना, तेव्हा कडेला जरीची झालर लावली.

"दादा, कायद्यात झालर नाही!" जाकीर पोट धरून हसला.

"तुह्या कायद्याले नजर नाही," असं पुटपुटत मास्तरांनी झालर उसवली.

जोडीला असावा म्हणून त्यांनी दुसराही तस्साच शिवला. जाकीर एक घेऊन गेला. दुसरा घरी राहिला. तो घडी करून ठेवायला मास्तरांचं मन घेईना. त्यांनी बांबूच्या कामट्यांची चौकट केली, झेंडा त्यात ताणला आणि मशीनवर बसलं की समोर दिसेल असा अंगणातल्या कुंपणाला बांधला. आल्यागेल्याला बोट दाखवून ते सांगत, "वाचा बरं काय लिवलं? 'आमचा मानूस पान्याखाली हाये.' वाचता येत नाही? अरबाले येते, तुले येत नाही?"

कुंपणाच्या पलीकडे अन्नपूर्णाबाईंचा वांग्या-मेथीचा मळा. त्या आठवडाभर लेकीकडे अमडापूरला गेल्या होत्या. परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी तोडता तोडता त्यांनी आवाज दिला.

"काय हो फकीरमास्तर, एवढं मोठं पांढरं फडकं काऊन ताणलं? शरण गेले का कोनाले?"

"पांढरं? वयनी, चष्मा पुसा. निळं-पांढरं हाये ते. जहाजाचा झेंडा हाये!"

"चष्मा तुमी पुसा. निळं तुमच्या अंगाले असंन. माह्या अंगाले तं कोरं पांढरं हाये. मले वाटलं, माह्या वांग्यायले बुजगावनं करून राह्यले."

मास्तर हसले. हसता हसता त्यांचा पाय मशीनच्या पॅडलवरच थांबला. ते उठले, कुंपणाला वळसा घालून मळ्यात शिरले, आणि अन्नपूर्णाबाईंच्या शेजारी उभं राहून त्यांनी आपल्या झेंड्याकडे पाहिलं.

पांढरं. बेमालूम, सुबक, एकही टाका न दिसणारं पांढरं.

समुद्राला पडदा नसतो. समुद्रात पब्लिक एका अंगाला बसत नाही. जहाजं पुढूनही येतात आणि मागूनही.

"सायरा!" त्यांची हाक ऐकून ती हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "जाकीरले फोन लाव. आत्ता लाव!"

फोन वाजत राहिला. उचलला तो जाकीरने नाही, नावेचे प्रमुख अर्जुनराव यांनी.

"कोण? जाकीरचे आजोबा? नमस्कार! तो खाली आहे, वर आला की देतो."

"खाली म्हंजे पान्यात?"

"हो, आत्ताच उतरला. आणि आजोबा, तुमचाच झेंडा लावलाय आज. काय झकास शिवलाय!"

मास्तरांना आयुष्यात मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांमध्ये ही एकच अशी होती, जी त्यांना परत करावीशी वाटली.

"अर्जुनराव, हात जोडतो. झेंड्याच्या मागं जाऊन पाहा."

"मागे पाणी आहे आजोबा, पाण्यावरून कसा चालत जाऊ?"

"वाकून पाहा, पन पाहा!"

पलीकडे खडखड झाली. नाव मोठ्या जहाजाला लागून उभी होती. झेंड्याची रंगीत बाजू जहाजाकडे आणि नावेवरच्या माणसांकडे होती, पाठ होती मोकळ्या पाण्याकडे, जिथून साऱ्या बंदराची ये-जा चालते. मग अर्जुनरावांचा आवाज आला, पण तो फोनसाठी नव्हता, नावेवरच्या पोऱ्यासाठी होता.

"अरे देवा! प्रेम! ए प्रेम, सोड ते, बांबू धर! फिरव झेंडा, बाहेर तोंड कर! आणि दोरी ओढ, जाकीरला वर बोलाव!"

फोन तसाच चालू राहिला. मास्तर अंगणात उभे राहून ऐकत होते, जसे पूर्वी विंगेत उभे राहून ऐकायचे. त्या आवाजांत एक आवाज वाढत होता, कुठल्याशा लाँचच्या इंजिनाचा. नावेवरून शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. सायराने मशीनचं चाक घट्ट धरलं होतं, जणू ते धरलं की तिकडचं इंजिन थांबेल. अन्नपूर्णाबाई वांग्यांची टोपली कमरेवर घेऊन कुंपणाशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

इंजिनाचा आवाज खाली आला. मग बाजूला सरकत गेला.

"वळली," अर्जुनराव धापा टाकत म्हणाले. "हळू झाली आणि वळली. आजोबा, ती तशीही लांबून गेली असती बहुतेक. पण बहुतेकच. आणि चूक माझीही आहे. लावताना मी फिरून बघायला हवं होतं."

थोड्या वेळाने पाण्याचे शिपकारे ऐकू आले आणि दमलेला, ओला आवाज आला.

"दादा? काय झालं? मले अर्ध्यातूनच वर ओढलं."

ज्यांनी भर मंडपात राजांना दटावलं, त्या मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"बेटा," ते म्हणाले, "मी तुले पाठच नाही शिवली."

जाकीरने वर पाहिलं; फिरवलेल्या झेंड्याची पांढरी पाठ आता नावेकडे होती. मग तो हळूच म्हणाला, "मले बी सुचलं नाही दादा. पांढरं अस्तर पाह्यलं, आन् म्हटलं, वा, आमच्या दादाचं काम!"

"दुसरा झेंडा येईस्तोर पान्यात जाऊ नको."

"जातो म्हटलं तरी अर्जुनकाका जाऊ देत नाहीत. तुमी शिवा."

सायराने फोन घेतला आणि मुलाला आधी पोटभर रागावून मग जेवलास का विचारलं.

मास्तरांनी कुंपणावरचा झेंडा उतरवला. अस्तर टाका टाका करून उसवलं. मागच्या बाजूचं कापड बेतताना लक्षात आलं की ते पुढच्यासारखं कापून चालणार नाही, उलटं बेतावं लागेल, नाहीतर निळं काठीला येईल आणि खाच खाचेला जुळणार नाही. इतक्या वर्षांच्या शिवणकामात पाठ कशी बेततात, याचा त्यांनी पहिल्यांदा विचार केला. कलीम संध्याकाळी दुकानातून आला, तो निळं कापड घेऊनच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झेंडा पुरा झाला.

मास्तरांनी तो अंगणाच्या मधोमध बांबूला लावला आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरी, उलट्या दिशेने. तरी भरवसा वाटेना.

"वयनी!" त्यांनी कुंपणापलीकडे हाक दिली. "तिकडून काय दिसते?"

अन्नपूर्णाबाईंनी वाफ्यातून डोकं वर काढलं. "निळं-पांढरं."

"नीट पाहा."

"पाह्यलं हो! खाच बी दिसते." त्या मातीचे हात झटकत उठल्या. "आता माह्या बुजगावन्याले एक कोट शिवता का?"

"शिवतो," मास्तरांनी झेंड्याची घडी घालता घालता म्हटलं. "मागून बी."