बेसवर माणूस असताना

"बेसवर कोणी नसेल तर तुझा नवरा आमच्या टीममधला सगळ्यात भारी बॅटर," ह्यांच्या अमेरिकन साहेबाने मला तोंडावर सांगितलं. वर हसून म्हणाला, "पण बेसवर कोणी असलं की त्याच्यापेक्षा आमचा ऑफिसबॉय बरा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझ्या नवऱ्याला काय बोलायचं ते बोलायला मी समर्थ आहे, हा कोण टिकोजीराव लागून गेला? पण ह्या टिकोजीरावाच्या सहीने आमचा व्हिसा चालायचा, म्हणून मी गोड हसले आणि त्याच्या कपात चहा ओतला.

ह्यांची कंपनी कॉन्ट्रॅक्टिंगची. ऑफिस दुबईच्या बर दुबई भागात, घर शारजात, त्यामुळे आयुष्याचा बराचसा भाग त्या दोहोंमधल्या ट्रॅफिकमध्ये गेला. उरलेला भाग ह्या साहेबाने बेसबॉलमध्ये घालवला. दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांतही अमेरिकन साहेब होते. त्यांनी आपसात ठरवलं, की शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी मॅचेस घ्यायच्या. शारजा औद्योगिक क्षेत्राच्या मागे एक मोकळी जागा होती. शुक्रवारी गॅरेजं बंद, खटखट बंद, नुसती वाळू आणि एक कंटेनर. तिथे आमचे इंजिनियर, फोरमन आणि स्टोअरकीपर बेसबॉल शिकायला लागले.

सगळे हाडाचे क्रिकेटवाले. चेंडू मारला की बॅट हातात घेऊनच पळायचे आणि पहिल्या बेसवर पोचताना बॅट वाळूत टेकवायचे. "ड्रॉप द बॅट" असं ओरडून ओरडून साहेबाचा घसा बसायचा. हे तर एकदा आऊट झाल्यावर बॅट काखेत मारून, ग्लोव्हज काढत, सावकाश चालत परत आले. हातात ग्लोव्हज नव्हतेच, तरी काढले.

खेळ तसा सोपा. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बेस. चेंडू मारायचा आणि पहिला बेस गाठायचा. पुढच्याने मारला की तुम्ही पुढे सरकायचं, फेरी पुरी झाली की एक धाव. क्रिकेटमध्ये मारल्यावर पळायचं की नाही ते दोघांनी मिळून ठरवायचं असतं. इथे विचारायची सोय नाही. चेंडू मैदानात पडला की मारणाऱ्याला पळावंच लागतं.

मला स्कोअर लिहिता येतो हे साहेबाला कळलं आणि मी कंटेनरच्या सावलीतल्या टेबलावर बसले. नाशिकला लहानपणी माझ्या बाबांनी मला शिकवलं होतं. त्यांच्या कॉलनीच्या मॅचेस मीच लिहायची. पण साहेबाचं नुसत्या स्कोअरवर भागेना. त्याने मला रकाने आखून दिले. बेस रिकामे असताना कोण किती मारतो ते वेगळं, बेसवर माणूस असताना वेगळं, दोघे आऊट होऊन शेवटचाच चान्स उरला असताना आणखी वेगळं. म्हणाला, सरसकट अ‍ॅव्हरेज लबाड असतं.

मला ते लगेच पटलं. दोघांपुरता वरणभात कोणीही करेल. दुपारी जेवणं आटोपल्यावर दारात आठ माणसं उभी राहिली की बाई कळते. साहेबाचं म्हणणं तेच होतं, फक्त तो ते दशांश चिन्ह लावून म्हणायचा.

तर ह्या रकान्यांत आमचे हे रिकाम्या बेसला सगळ्यांच्या वर, आणि बेसवर माणूस असला की सगळ्यांच्या खाली. मी तीनतीनदा बेरीज केली. नवऱ्याच्या बाबतीत बेरीज बदलत नाही हे दुःख बायकोलाच कळेल.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी साहेबाला माफ केलं असतं. पण त्याच सुमारास दुबईतल्या अल बर्शाचं काम यायचं होतं. तेव्हा तिथे वाळूच होती, आणि त्या वाळूत चार बिल्डिंगी उभ्या करायला साइट इन्चार्ज नेमायचा होता. हे त्या जागेची किती वर्षं वाट बघत होते ते मला माहीत. ह्यांच्यानंतर आलेली पोरं इन्चार्ज होऊन पजेरोतून फिरत होती आणि हे अजून त्यांच्या हाताखाली लेव्हल तपासत होते. अशात साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाला, "प्रेशर आलं की जो गोठतो, तो काँक्रीट ओतायच्या दिवशी काय करेल?" फायनलला त्याने ह्यांना चौथ्या नंबरवरून उचललं आणि नवव्यावर टाकलं. हे घरी आले, बूट न काढता सोफ्यावर बसले आणि टीव्ही न लावताच टीव्हीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

आमची लेक म्हणाली, "पप्पा, व्हाय डोन्ट यू जस्ट रन?"

"आय डू रन," हे म्हणाले.

खरं सांगायचं तर लेकीचा प्रश्न बरोबर होता. टेबलावरून मी बघत आले होते. बेस रिकामे असले की हे मारून सुसाट सुटायचे. पण बेसवर कोणी असला की मारल्यावर ह्यांची मान आधी त्याच्याकडे वळायची, पाऊल जागच्या जागी, आणि तेवढ्यात चेंडू पहिल्या बेसवर पोचलेला असायचा. घाबरणं वगैरे काही नाही. आमचे हे पार्टनरच्या हाकेची वाट बघत होते.

आणि ही खोड कुठून लागली तेही मला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं. आमचा साखरपुडा व्हायचा होता. बाबांनी होणाऱ्या जावयाला कॉलनीच्या मॅचमध्ये स्वतःबरोबर ओपनिंगला नेलं. ह्यांनी चेंडू मागे ढकलला आणि धावत सुटले. बाबा आपल्या जागेवरच. होणारे सासरे-जावई खांद्याला खांदा लावून एकाच टोकाला उभे, आणि पलीकडे स्टंप उडालेले. मीच लिहिलं, रनआऊट. "मी हाक दिली नव्हती," बाबांनी जाहीर केलं. आत्या म्हणाली, मुलगा उतावळा दिसतोय, विचार करा. लग्न मोडायचंच राहिलं होतं. पुढे दर दिवाळीला पाहुण्यांना बाबा ही गोष्ट सांगायचे, "जावई सोन्यासारखा, पण न बोलावता धावतो." हे शेजारी बसून चकली खायचे.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी मी विषय काढला. "अहो, तुम्ही घाबरत नाही. तुम्ही थांबता. बाबांच्या त्या मॅचपासून."

"मी कुठे थांबतो?"

"समोरचा हाक देईल म्हणून वाट बघता. ह्या खेळात कोणी हाक देत नाही हो."

"तू तुझे रकाने सांभाळ," ह्यांनी सांगितलं आणि गॅलरीत जाऊन वाळलेल्या टॉवेलच्या घड्या घालायला लागले. हे घड्या घालायला लागले की विषय खलास.

फायनल शेवटपर्यंत गेली आणि शेवट नेमका नवव्या नंबरवर आला. आम्ही एका धावेने मागे. दोघे आऊट झालेले. तिसऱ्या बेसवर फोरमन, दुसऱ्यावर रत्नागिरीकडचा आमचा कोकणी मुसलमान स्टोअरकीपर. हे पहिल्या बेसवर वेळेत पोचले नाहीत, तर पुढच्या दोघांनी कितीही पळून उपयोग नव्हता, धाव धरायचेच नाहीत. साहेबाने ह्यांना बॅट घेऊन जाताना बघितलं आणि डोळे मिटले. मग तिसऱ्या बेसपाशी जाऊन ट्रॅफिक पोलिसासारखा उभा राहिला, कोणाला सोडायचं आणि कोणाला थोपवायचं ते दाखवायला.

ह्यांनी मारला. चेंडू टप्पे खात गेला, एकाच्या हाताला लागून थोडा बाजूला घरंगळला. आता पळायचं, बस. आणि मी बघते तर ह्यांची मान वळली, थेट स्टोअरकीपरकडे.

पुढचं मला नीट आठवत नाही, लोकांनी सांगितलं ते सांगते. मी टेबल ढकलून उठले, रकाने वाळूत गेले, ओढणी खोचली आणि पांढऱ्या रेषेच्या कडेने पहिल्या बेसच्या दिशेने सुटले. एक चप्पल तिथेच राहिली. आणि सगळा इंडस्ट्रियल एरिया ऐकेल अशा आवाजात मी ओरडले, "अहो, पळा!"

हे पळाले. बॅटसकट पळाले. चेंडू यायच्या एक श्वास आधी ह्यांचा पाय बेसवर पडला, पाठोपाठ बॅटही टेकली. फोरमन शेवटच्या बेसवर पोचला होताच. पण स्टोअरकीपरला साहेब तिसऱ्या बेसवर दोन्ही हात पसरून थोपवत होता, आणि हा गडी साहेबाच्या काखेखालून वाकून थेट शेवटच्या बेसपर्यंत गेला. समोरच्या टीमला ते इतकं अनपेक्षित होतं, की त्यांचा थ्रो कंटेनरवर जाऊन आपटला. आम्ही जिंकलो.

साहेबाने स्टोअरकीपरला विचारलं, मी थांब म्हणत असताना तू पळालास कसा? तो धापा टाकत मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही 'अहो' म्हणालात, मला वाटलं घरातूनच हाक आली. मग कोण थांबणार?"

साहेबाने ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या एका चपलेकडे बघितलं. मग ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उद्या सकाळी केबिनमध्ये ये. अल बर्शाचे ड्रॉइंग घेऊन जा." आणि मला म्हणाला, पुढच्या सीझनला तू टेबलावर बसायचं नाहीस, पहिल्या बेसपाशी उभं राहायचंस. पळणाऱ्याला ओरडून सांगायला बेसबॉलमध्ये अशी अधिकृत जागाच असते म्हणे. मी म्हटलं, इन्शाल्ला.

दुपारी फोनचं कार्ड घेऊन नाशिकला फोन लावला. बाबांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "तुमच्या त्या रनआऊटची धास्ती आज सुटली बघा ह्यांची," मी म्हटलं.

"बाळ," बाबा म्हणाले, "त्या दिवशी हाक मी दिली होती."

"कुठली हाक?"

"मीच 'या' म्हणालो. दोन पावलं पुढे आलो आणि गुडघ्यातून कळ गेली. फिरलो मागे. तुझी आत्या, सगळी कॉलनी बघत होती. काय सांगणार? मग एकदा जे तोंडातून गेलं तेच सांगत राहिलो." फोन ठेवताना ते म्हणाले, "जावईबापूंना नमस्कार सांग." आजवर त्यांनी ह्यांना नमस्कार कधी सांगितला नव्हता.

हे कोळंबीचं कालवण आणि भात खात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "बाबांनी हाक दिली होती. तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार? धावलो मीच ना."

"मग इतक्या दिवाळ्या ऐकून का घेतलंत?"

"तुझे बाबा आहेत. चारचौघांत कशाला?" ह्यांनी भातावर कालवण घेतलं. "फक्त तेव्हापासून एक सवय लागली. समोरच्याने हाक दिली न दिली, तो खरंच पळतोय का एवढं बघून घेतो. त्यात जरा उशीर होतो."

मला रडायलाही आलं आणि ह्या माणसाचा भयंकर रागही आला. सगळं आयुष्य असं तोंड मिटून काढायचं म्हणजे काय? "आणि आज?" मी विचारलं. "आज बरे न बघता पळालात?"

"बघितलं की," हे ताटातून मान वर न करता म्हणाले. "तू पळत होतीस."