धुऱ्यावरचा रणगाडा

मी आजवर तीन रणगाडे गमावले आहेत. तिन्ही एकाच दुपारी, अमरावतीत, राजापेठेतल्या एका नेट कॅफेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळा लख्ख होता, त्यामुळे दिसलं नाही असंही म्हणता येत नाही.

त्या ऑपरेशनसाठीच तर मी तेल्हाऱ्याहून लेकीकडे आले होते. लेकीची पोरगी पूर्वा अकरावीत. शेजारची सायमा तिची जिवाची मैत्रीण. तिच्या अब्बांचं कपडे शिवायचं दुकान. ट्यूशन सुटली की दोघी कॅफेत जाऊन रणगाड्यांचा खेळ खेळायच्या. एका रणगाड्यात तिघीजणी. एकीनं चालवायचं, एकीनं तोफ मारायची, एकीनं नकाशा पाहून रस्ता सांगायचा. कॉम्प्युटर तीन, गाडी एक. (आमच्या घरी गाडी एक आणि रस्ता सांगणारे सात, ती गोष्ट वेगळी.)

कॅफेच्या भिंतीवर एक फळा होता. रविवारी जी टीम जिंकेल तिचं नाव त्यावर आठवडाभर राहायचं. पोरींचं नाव तिथं एकदाही लागलं नव्हतं. त्यात सायमाच्या अब्बांनी दुकान अकोल्याला हलवायचं ठरवलं. सोमवारी सामान जाणार. म्हणजे दोघींचा हा शेवटचा रविवार! आणि त्याच सकाळी त्यांची चालवणारी मैत्रीण तापानं आडवी झाली.

"आता टँक कोन चालवंल व?" पूर्वा डोक्याला हात लावून बसली.

"मी बसते," मी म्हटलं.

"आजी, टँक हाय तो!"

"मंग? वीस वर्सं ट्रॅक्टर चालवला म्या. ट्रॉली लावून रिव्हर्स घेते. तुह्या आजोबाले अजून जमत नाही!"

सायमा म्हणाली, "चलेगा पूर्वा. दुसरं कोन हाय आपल्याजवळ?" (माझ्यावर एवढा विश्वास त्याआधी कुणी दाखवला नव्हता.)

पूर्वानं जेवणाचा डबा रणगाडा म्हणून टेबलावर ठेवून मला युद्धकला शिकवली. "हे पाह्य आजी. पुढचं चिलखत जाड, बाजूचं पातळ. दुश्मनाले बाजू दाखवायचीच नाही. तोंड त्याच्याकडं, जरासं तिरपं. चढाच्या आड राहायचं, नुसती तोफ वर काढायची, मारायचं आन् लगेच मागं."

मला एका झटक्यात समजलं. शेजारणीशी भांडताना मी हेच करते. दाराआडून तोंड बाहेर, बोलायचं ते बोलायचं, लगेच आत!

खेळ साधा होता. मधोमध एक टेकडी. वीस मिनिटं संपतील तेव्हा टेकडीवर ज्याचा रणगाडा, तो जिंकला. आमचे दोन रणगाडे, ट्यूशनच्या पोरांचे दोन. फुटला तर नवा मिळतो, पण सुरुवातीपासून निघावं लागतं. आमचा दुसरा रणगाडा नेहा नावाची पोरगी चालवत होती. तिला पूर्वानं बजावलं, "काही झालं तरी आजीची साथ सोडायची नाही. टीमवर्क!"

निघालो. सायमा कानात ओरडली, "आजी, सीधा! वावरातून सीधा टेकडीवर!"

मी समोर पाहिलं आणि करकचून ब्रेक मारला.

समोर गहू उभा होता. कमरेएवढा, ओंब्यांनी वाकलेला, वाऱ्यावर डोलणारा. त्या वर्षी आमच्याकडे पावसानं दगा दिलेला, दुबार पेरणी झालेली, तरी अर्ध्या वावरात काळी मातीच दिसत होती. आणि इथं असं पीक!

"आजी, काहून थांबली?"

"पीक उभं हाय व."

"मंग?"

"मंग काय? धुऱ्यानं नेते!"

दोन वावरांमधला बांध, त्याला आम्ही धुरा म्हणतो. मी रणगाडा वळवला आणि धुऱ्यावर चढवला. अगदी नीट चालवला हो! एक चाक इकडे नाही की तिकडे नाही. फक्त धुरा होता उंच, पोरं होती उजवीकडे, आणि आमची अख्खी पातळ बाजू त्यांच्यासमोर प्रदर्शनात मांडल्यासारखी. धडाम!

"आजी, ते खोटं वावर हाय!" पूर्वा रडकुंडीला आली.

"खोटं हाय हे मले समजते. पन पेरलं तर कोनीतरी असंल ना!"

दुसरा रणगाडा मिळाला. या वेळी मी डावीकडचा धुरा धरला. मनात म्हटलं, पोरांना काय कळणार! पण माझी साथ सोडायची नाही म्हणून नेहा माझ्या मागोमाग धुऱ्यावर. कापूस घेऊन बाजाराला निघाल्यासारख्या दोन गाड्या, एकीमागं एक, आडव्या. पोरांना नेम धरायचीही गरज पडली नाही. धडाम, धडाम!

पलीकडून एक पोरगा ओरडला, "आजी, थँक्यू!"

शेवटची तीन मिनिटं उरली. पोरं आता इतकी निवांत की टेकडी सोडून खाली उतरली आणि दोन्ही तोफा धुऱ्यांकडे लावून बसली. वावर सताड मोकळं! सायमानं खेळ सोडून माझा हात धरला. "आजी, फकत एक बार. फिर मैं अकोला चली जाऊंगी."

मी डोळे मिटले, मनातल्या मनात त्या शेतकऱ्याची माफी मागितली आणि रणगाडा गव्हात घातला. पहिल्या गियरमध्ये, तासातासातून, म्हणजे पेरणीच्या ओळींमधून, जमेल तितकं पीक वाचवत. पोरांचं लक्षच नाही! टेकडी शंभर पावलांवर, मग पन्नास, मग दहा. पूर्वा टेबल बडवत होती. "चाल आजी, चाल!"

आणि समोर शेवटचा एक पट्टा दिसला. सगळ्यात दाट. बाजूलाच धुरा, अगदी हाताशी. दहाच पावलं, म्हटलं, तेवढं तरी वाचवू.

वळवला.

धडाम!

पोरांचं नाव फळ्यावर लागलं. सायमा हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. सोमवारी ती गेली.

महिन्याभरानं तिचा फोन आला, तेव्हा मी अजून लेकीकडेच होते. "आजी, अकोल्यात नवी टीम बनवली. येत्या रविवारी अमरावतीच्या त्याच पोरांशी ऑनलाइन मॅच हाय. तुमी खेळाल ना?"

माझे डोळे भरून आले. "खेळीन ना बेटा. कोनत्या टँकवर बसू तुमच्या?"

"हमारे नहीं, आजी. त्या पोरांच्या."

मी लगेच कॅफेत गेले. पोरं उठून उभी राहिली, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाली, "आजी, तुमी सायमाच्याच टीममधी शोभता."

थोडक्यात काय, अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत माझ्या ड्रायव्हिंगला मागणी आहे. फक्त समोरच्या टीमसाठी!