सिल्व्हरच्या पट्ट्यावरचं श्रीखंड

रविवार, एप्रिलचा दुसरा. सकाळी सातला पांढुर्ण्याहून निघालो. मी, चौथीत गेलेली माझी मुलगी जुई, सासूबाई आणि गाडी चालवायला साळा प्रशांत. नागपूरच्या वाटेवर झुले आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेलं एक मोठं रिसॉर्ट आहे, तिथे. नाव लिहीत नाही...

माझ्या बायकोला, सुनीताला जाऊन वर्ष झालं. आमच्याकडे वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. वर्ष सरलं की माहेरची माणसं येतात, बाहेर नेतात आणि तोंड गोड करतात. प्रशांतचा सौंसरला संत्र्याचा बगीचा आहे. माल निघून गेला होता, तोच मागे लागला. "भाऊजी, पोरगी वर्षभर घरातच बसून राहिली. चला आता."

गेटवर मनगटाला पट्टे बांधतात. सिल्व्हर, गोल्ड आणि त्याच्याही वर प्लॅटिनम. प्रशांत गोल्ड घेत होता, मीच म्हटलं, कशाला... सिल्व्हर बस झालं.

आत गेल्यावर फरक कळला. गोल्डवाल्यांना रांग नाही, सावलीत खुर्च्या, वेगळा तलाव. ठीक आहे. जास्त पैसे दिले त्याला गादी मिळाली, यात माझी काही तक्रार नाही. आमच्या तलावाच्या फरशीवर मात्र शेवाळ होतं आणि लक्ष ठेवायला कोणी नव्हतं. जुईचा हात मी सोडलाच नाही.

दुपारी जेवायला गेलो. आमचा हॉल वेगळा, पंख्याचा. काचेच्या दारापलीकडे गोल्डचा.

वर्षानंतरच्या या जेवणात पहिलं पान गेलेल्या माणसाच्या नावाने काढतात. ते काढल्याशिवाय घरचं कोणी हात लावत नाही. मी एक जास्तीची प्लेट मागितली. काउंटरवरचा म्हणाला, एका पट्ट्याला एकच प्लेट. वाद नको म्हणून माझीच प्लेट सुनीताचं पान केलं...

आधी श्रीखंड वाढलं. तिला आवडायचं. खाली वाकलो तर आंबूस वास आला. वाटलं, दही आंबट असेल. मग पनीरची भाजी घेतली, तर चमच्याला तार सुटली.

"काय झालं भाऊजी? काहून थांबले?"

"प्रशांत, वास घे."

त्याने घेतला आणि तोंड फिरवलं. "हे तर नासलं ना जी!"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळा हॉल जेवत होता. लहान लेकरं बोटाने श्रीखंड चाटून राहिली होती. एरवी मीही गर्दीत चार घास ढकलून मोकळा झालो असतो. तिच्या पानावर ठेवायचं म्हणून वाकून पाहिलं... आणि जे तिच्या पानावर ठेवता येत नाही, ते जुईला कसं चालेल? बाकीच्यांच्या लेकरांना तरी कसं चालेल?

मी फार बोलणारा माणूस नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, मान खाली घालून काम करतो. पण प्लेट घेऊन उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "श्रीखंड आणि पनीर खाऊ नका. खराब झालंय."

मॅनेजर धावत आला. त्याने वासही घेतला नाही. म्हणाला, "साहेब, सिल्व्हरचं पॅकेज आहे हे. ताजं काउंटर गोल्डवाल्यांना आहे."

हे तो अगदी सहज बोलला... जणू पंखा आणि एसी यांतला फरक सांगतो आहे!

मागच्या टेबलावरच्या एक बाई उठल्या. "गोल्डवाल्याइचं पोट, अन् आमचं काय पोतं हाय का रे?" हॉल हसला, पण प्लेटा खाली ठेवायला लागला.

मग मॅनेजर माझ्या कानाशी आला. "तुम्हा चौघांना गोल्डमध्ये बसवतो. काही लागणार नाही. फक्त इथे आवाज नका करू." जुई काचेच्या दाराकडे पाहत होती. सकाळपासून पोर उपाशी होती. खोटं कशाला बोलू, माझा पाय एकदा उचलला होता...

सासूबाई म्हणाल्या, "माह्या पोरीचं पान तिकडं ताजं वाढाचं, अन् या लेकराइनं नासकं खाचं? चाला जवाईबापू."

मी मॅनेजरला म्हटलं, आधी ही भांडी उचला. ती उचलेपर्यंत आम्ही चौघंही तिथेच उभे राहिलो. आम्ही गेल्यावर परत ठेवली असतील तर मला माहीत नाही.

राग अजून गेलेला नाही. थंड हवा विका, रांग विका, मऊ गादी विका. पण अन्न ताजं असणं आणि पाण्यात लेकरू सुरक्षित असणं, याच्या पायऱ्या कशा काय करता? ते तर सगळ्यात खालच्या पट्ट्यालाही मिळायलाच पाहिजे.

परत येताना जामसांवलीजवळ एका ढाब्यावर थांबलो. गरम वरण, भात, पोळ्या. तिथे जास्तीचं ताट मागितलं तर "कोणासाठी" असंही कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी गुळाचा खडा मागून घेतला, पानावर ठेवला आणि मग आमच्या तिघांच्या तोंडात एकेक घातला. वर्षभराने जुईने दोनदा भात मागून घेतला... त्या ढाब्याचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून इथे मानतो.

आज सकाळी जुईला शाळेत सोडून आलो. तिच्या डब्यासाठी केलेली थोडी भेंडी कढईत उरली होती. पोळीत गुंडाळली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.