छातीतला खळगा

"उताना पड," मालक म्हणाला.

मी पडलो. सदरा आधीच काढायला लावला होता. खळ्यावर पाहुणे बसले होते. मालकाने कपातला चहा माझ्या छातीवर ओतला. ऊन ऊन. माझी छाती जन्मापासून मधोमध आत गेलेली. चहा तिथेच थांबला.

"दखा, देवनी याले बशी लाईसन धाडेल शे."

पाहुणे हसले. मी हललो नाही. सांडला असता तर मालकाने पुन्हा ओतला असता. बाप तिथेच बैलांना कडबा टाकत होता. त्याने मान वर केली नाही. बाप मालकाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. प्रकाशा गावाजवळ तापीकाठी मालकाचं वावर, त्यातच आमची झोपडी. कुळकायदा आला होता म्हणे. सालदाराला त्यात काही नव्हतं.

मिसरूड फुटलं तरी हा खेळ चालूच. नदीत पोरं उघडी पोहायची, मी सदऱ्यासकट. लग्नाचं बोलणं लागलं की कुणीतरी मुलीच्या बापाला छातीचं सांगायचं. पाहुणे परत जायचे. मला वाटायचं, दोष छातीचाच. ही भरली की सगळं भरून निघेल.

शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, मुंबईला अशा खळग्यात रबरासारखा तुकडा बसवतात. परदेशातून नवीनच आलंय. मी मालकाला न सांगता नंदुरबारला गाडी धरली.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मला उघडं करून निजवलं. भोवती शिकाऊ डॉक्टर, पोरीसुद्धा. मोठ्या डॉक्टरांनी नाव विचारलं नाही. केवढा तुकडा लागेल ते मोजायचं होतं. त्यांनी माझ्या छातीत पाणी ओतलं.

माझं अंग लाकूड झालं.

"हलू नकोस."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"साहेब, चालताना दम लागतो. तो थांबेल?"

"नाही. श्वासाला फरक पडणार नाही. फक्त दिसायला सपाट होईल."

"दिसायला कुणाला?"

ते पोरांशी इंग्रजीत बोलू लागले.

तसंच पाणी घेऊन पडल्या पडल्या मला उमगलं. बापाच्या छातीत खळगा नव्हता. चांगली भरदार छाती. तरी त्याची मान वर झाली नव्हती. छाती भरून काय होणार? मालक ओतायला दुसरी जागा शोधेल. मी उठून बसलो. पाणी साहेबांच्या कोटावर गेलं. सदरा घातला, निघालो.

घरी आलो. मालकाकडे पुन्हा पाहुणे आले. पुन्हा हाक.

"उताना पड."

"नही."

जोड्याने मारलं. मी पडलो नाही. संध्याकाळपर्यंत मालकाच्या गड्यांनी झोपडी पाडली. आम्ही तापीच्या वाळूत बाभळीखाली राहिलो. बापाला ताप भरला. उतरेना. मालकाचा निरोप आला, पोराने येऊन माफी मागावी, झोपडी परत बांधू देतो.

माय माझ्या पाया पडली. "जाय बेटा. पाय धर त्याना. तुन्हा बाप मरी जाई."

"नही, माय."

बाप गेला.

माय म्हणते, तूच मारलंस त्याला. मी वाद घालत नाही. कुणास ठाऊक, तिचंच खरं असेल. पण मालक उद्या समोर आला तरी मी नाहीच म्हणणार. माय उपाशी मेली तरी. मी मेलो तरी.