शेवटचा भाग

"आपण दोघं कधी चोरून भेटलोच नाही रे," विभावरी एकदा चहा गाळता गाळता म्हणाली.

खरंच होतं. पुण्याला तिच्या घरी पोहे झाल्यावर मोठ्यांनी आम्हाला दहा मिनिटं गच्चीवर पाठवलं. मी विचारलं, "न्यूझीलंडची थंडी सोसेल ना?" ती म्हणाली, "स्वेटर आहे." तेवढ्यावर लग्न ठरलं.

इथे न्यूझीलंडमध्ये, माउंट रॉस्किलला येऊन सहा वर्षं झाली. ती रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांना भरवते, त्यांचे केस विंचरते. वीज जाऊन आली की आमच्या व्हीसीआरचं घड्याळ शून्यावर लुकलुकत बसतं. तेही तीच लावते. स्वतःसाठी तिने काही मागितलेलं मला आठवत नाही.

मग २००४ मध्ये रविवारी दुपारी टीव्हीवर एक मालिका सुरू झाली. डब्लिनमधले दोन विद्यार्थी, डेक्लन आणि ब्रिजिड. घरच्यांना चुकवून लायब्ररीच्या जिन्यात भेटायचे. विभावरीचा चहा गार व्हायचा. जाहिराती लागल्या की दूर रिकार्टनला राहणाऱ्या तिच्या मामेबहिणीचा, श्यामलाचा, फोन.

"भावोजी, बघताय ना? शिका जरा!"

"त्या डेक्लनला परीक्षा नाही का?" मी म्हणायचो.

विभावरी हसायची नाही. "बघ, कसा बघतो तिच्याकडे," एवढंच म्हणायची. मी तिच्याकडेच बघत असायचो. तिला ते दिसत नव्हतं.

शेवटच्या भागाच्या दिवशी तिला ड्यूटी लागली. जाताना तिने नवी कॅसेट घालून ठेवली. "मधू, दोन वाजता लाल बटण दाब. विसरू नकोस हं."

विसरलो नाही. दोन वाजता बोट बटणावर ठेवलं, आणि काढून घेतलं. तिचा डेक्लन मी एकट्याने पाहिला. बसस्टॉपवर तो तिची वाट बघत उभा होता. ती आली. दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिले. मला ते सहन झालं नाही.

पाचला विभावरी आली. कोट न काढताच टीव्हीसमोर बसली. "झाला ना रेकॉर्ड?"

"अगं, वीज गेली होती. दोन तास."

तिने व्हीसीआरकडे पाहिलं. घड्याळात पाच वाजून सात मिनिटं झाली होती. आकडे स्थिर होते, लुकलुकत नव्हते.

"विभा, ऐक..."

पाच-आठ झाले. ती उठली, दारातल्या जँडल्स, त्या रबरी चपला, पायांत सरकवल्या आणि बाहेर पडली.