मुठीतली ऊब

डॉ. दामोदरपंत लेले यांच्याकडे मी रुजू झाले, तेव्हा त्यांनी प्रथम मला चपला दाराबाहेर काढायला सांगितल्या. पिंपरीच्या आमच्या औषध-कारखान्यात हा शिरस्ता दुसरीकडे कुठे नव्हता. आत काचनळ्या उबेला ठेवलेल्या होत्या. त्यांना पावलाचा हादराही चालत नसे.

साहेबांचा विषय कोलॅजन, म्हणजे आपली कातडी ज्या धाग्यांनी विणलेली असते ते द्रव्य. मेलेल्या उंदरांच्या शेपटीतले तंतू ते सौम्य आम्लात विरघळवीत. मग बर्फात ठेवून आम्लता काढली, क्षार घातले आणि शरीराइतकी ऊब दिली, की त्या नितळ पाण्यात पांढरे धागे आपोआप जुळू लागत. उंदीर मेल्याचे त्या धाग्यांना कुणी कळवलेच नव्हते, असे वाटे.

ही खोली साहेबांकडे ठेवायची की गुदामाला द्यायची, हे ठरवायला व्यवस्थापक येणार होते. त्याच सकाळी मदतनीस बाबूभाईंनी तयार नळ्या उकळून टाकल्या. ते आधी निर्जंतुकीकरण विभागात होते. तिथे गढूळ नळी म्हणजे नासलेली नळी, आणि धागे जुळलेली नळी गढूळच दिसते. उकळलेल्या कोलॅजनचे धागे पुन्हा जुळत नाहीत.

"शेपट्यांचा रस्सा पाजायला बोलावलंत का, डॉक्टर?" व्यवस्थापक म्हणाले. "कुणी केलं हे? त्याला आजच घरी पाठवतो."

"चूक माझी," साहेब म्हणाले. "या नळ्या वेगळ्या, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बसा, चहा घ्या."

बर्फात, अजून ऊब न दिलेली एकच नळी उरली होती. ती त्यांनी मुठीत धरली. व्यवस्थापक बोलत राहिले. साहेबांचे बोट हलले नाही, खांदा हलला नाही. त्यांच्या चहावर साय धरली. बऱ्याच वेळाने त्यांनी मूठ उघडून नळी उलटी केली. काही सांडले नाही. आत मांसासारखे पांढुरके काहीतरी धरले होते.

व्यवस्थापकांनी हात खिशात घातले. "जिवंत आहे का हे?"

"नाही."

ते गेल्यावर साहेबांनी नळी बाबूभाईंच्या हातात दिली. बाबूभाई हळूच म्हणाले, "साहेब, आपल्या आतबी असंच चाललंय व्हय?"

"असंच. आत्तासुद्धा."

खोली राहिली, बाबूभाईही राहिले. मी मात्र त्यानंतर बरेच दिवस स्वतःची मूठ फार वेळ मिटून ठेवली नाही.

साहेब आता साठ वर्षांचे होत आहेत. त्या नळीला पुरली तेवढी ऊब त्यांच्या तळव्यात पुष्कळ वर्षे टिको, आणि त्यांच्या आतले धागे असेच, कुणी हात न लावता, जुळत राहोत.